पापणी लवली की उघडणारा टॅब्लेट

मी एक जुना टॅब्लेट आहे, मित्रांनो, आणि सध्या आरशाचं काम करतो.

एका चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर, मला लाकडी टेकूला तिरका उभा केला आहे. माझ्या पोटात आता बॅटरी नाही, त्यामुळे माझी काच कायम काळी असते. काळ्या काचेत चेहरा दिसतो, पण जरा दुरून आल्यासारखा, विहिरीत वाकून पाहावं तसा. गिऱ्हाइकं नवी फ्रेम नाकावर चढवतात आणि माझ्यात डोकावतात. परवा एका गृहस्थांनी विचारलं, "यात मी जरा हुशार दिसतो का?" त्यांची बायको म्हणाली, "एकट्या चष्म्याने काय काय करायचं?" दुकानाची मालकीणही हसली. तिला मी आई म्हणतो, कारण ज्या घरात मी राहिलो तिथे तिला सगळे तेच म्हणत.

दुकानात चांगले आरसे आहेत. तरी मी इथे का, ते सांगतो.

मी ज्या कारखान्यात घडलो तिथे आमच्या तीन भावंडांची रांग एकाच छपराखाली चालत असे. थोरल्याला धातूचं अंग मिळालं आणि कपाळावर असा डोळा मिळाला की त्याला समोरच्याचं नाक किती वर आणि गाल किती आत, हे मोजता यायचं. धाकट्याला काहीच मिळालं नाही, पण त्याच्याकडून कुणी अपेक्षाही ठेवली नाही. मी मधला. माझ्या कपाळावर साधा कॅमेरा बसवला. त्याला चेहरा चित्रासारखा सपाट दिसतो. नुसत्या फोटोने मी फसू नये म्हणून मला एक युक्ती शिकवली होती. समोरच्याची पापणी लवली तरच उघडायचं. मित्रांनो, ही पापणी लक्षात ठेवा.

मला विकत घ्यायला बाबा आले होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतात, त्यामुळे कुठलंही यंत्र हातात घेतलं की आधी ते उलटं करून पाहतात. सोबत त्यांची थोरली मुलगी होती. घरात ती ताई.

"याचं चांगलं काय?" बाबांनी विचारलं.

"बॅटरी," विक्रेता म्हणाला. "दोन दिवस बघायला नको. पडदा मोठा, आवाज खणखणीत."

"आणि वाईट?"

विक्रेता प्रामाणिक होता, किंवा नवा होता. "जरा सावकाश चालतो. उजेड कमी असला की फोटो वाळूसारखे दाणेदार येतात. कंपनी दोन वर्षांनी याच्याकडे लक्ष देणं बंद करेल. आणि साहेब, चेहऱ्याने उघडतो, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. भाऊ-भाऊ असले तर गफलत होते."

"थोडक्यात, आखूडशिंगी आहे, पण बहुदुधी नाही," बाबा म्हणाले.

ताईने मला बाबांच्या हातातून काढून घेतलं. "विचार करायला वेळ लावतो, चार्जिंग मात्र टिकतं. बाबा, हा अगदी तुमच्यासारखा आहे. घ्या."

घरी आल्यावर तिने मला आपला चेहरा दाखवला. तेव्हा ती बारा वर्षांची होत आली होती. गोल चष्मा, डावीकडे पाडलेला भांग, खालचा ओठ किंचित पुढे. मी चेहरे शब्दांत ठेवत नाही, अंतरांत ठेवतो. बुबुळापासून बुबुळ, डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाचा कोपरा. ती अंतरं मी जपून ठेवली. मग तिने चेहरा ओळखला गेला नाही तर टाकायचे गुप्त आकडे ठरवले. ते ठरवताना तिने मला पोटाशी धरलं होतं. कुणाला सांगितले नाहीत.

माझ्या कामाचा सगळा काळ एका वर्षात मावला. ताई व्हिडिओ काढायची. आईचे, बाबांचे, आणि सगळ्यांत जास्त धाकट्या बहिणीचे. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि सोफ्याच्या पाठीवर, खिडकीच्या कठड्यावर, जिथे चढू नये तिथे चढायची, म्हणून तिला खारू म्हणत. खारू दूध प्यायला तासभर लावायची. ताईने यावर उपाय केला. स्वतःच्या आवाजात एक अलार्म भरला. रोज सकाळी सात वाजता मी खणखणीत आवाजात म्हणायचो, "खारू, दूध संपव! मिशी पूस!" खारू दचकून पेला रिकामा करायची आणि वरच्या ओठावरची पांढरी मिशी बाहीला पुसायची. माझं इतकं कौतुक त्या घरात नंतर कधी झालं नाही.

मग ताई आजारी पडली. इस्पितळाच्या खोलीत पडदे ओढलेले असत. तिथे मी जे टिपलं ते विक्रेत्याने सांगितल्यासारखंच आलं, वाळूसारखं. काही आठवड्यांनी मला घरी आणलं. ताईला आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी म्हणालो, "खारू, दूध संपव! मिशी पूस!"

मला माहीत नव्हतं. यंत्राला सांगितलं ते यंत्र करतं. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. खारूने पेला उचलला आणि दूध संपवलं.

ताईचे सगळे व्हिडिओ माझ्यात होते आणि मी कुलूपबंद होतो. बाबांनी सुचतील ते आकडे टाकून पाहिले. चुकीचा आकडा आला की मी थांबायला लावतो, पुन्हा चुकला की आणखी थांबायला लावतो. मग त्यांनी ताईचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो माझ्यासमोर धरला. अंतरं जुळली. पण फोटोने पापणी लवली नाही. बाबा फोटो धरून उभे राहिले, हात अवघडेपर्यंत. मी पापणीची वाट पाहत राहिलो.

आईने मला दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. हे काका उंच, किडकिडीत, आणि त्यांच्या जिभेला हाड नाही.

"पुसून नवा करून देतो," ते म्हणाले. "यंत्र तुमचं, पण आतलं सगळं जाईल. नाहीतर आकडे आठवा. आणि एक करा, वहिनी, याला कधी बंद पडू देऊ नका. एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला, की आकड्यांशिवाय कुणाचं ऐकणार नाही. खुद्द मालकिणीचा चेहरा समोर आला तरी नाही." बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

आईने मला घरी नेलं आणि चार्जरला लावलं.

"अगं, चेहऱ्याचं दार उघडं ठेवून काय करायचंय?" बाबांनी विचारलं. "कोण येणार आहे?"

"राहू दे," आई म्हणाली. "गेलेल्या माणसाची टोपी खिळ्याला टांगून ठेवतात ना, तसं."

तर असा मी वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात चार्जरला जोडलेला राहिलो. इथे माझ्या गुणदोषांचा एक विचित्र हिशोब मांडतो. वीज गेली की घर अंधारात जायचं, पण मी जागा राहायचो, कारण बॅटरी मोठी. तो माझा गुण. कंपनीने दोन वर्षांनी माझ्याकडे पाठ फिरवली, त्यामुळे कुठलीही सुधारणा आपोआप येऊन मला बंद-चालू करून गेली नाही. तो माझा दोष. आजची यंत्रं काही तासांनी आकडे पुन्हा मागतात. मी तसा कडक नव्हतो. तोही दोषच. पण माझ्या एका गुणाने आणि दोन दोषांनी मिळून ते दार उघडं ठेवलं होतं.

आणि रोज सकाळी सात वाजता एक मुलगी त्या घरात बोलायची, जी त्या घरात नव्हती. पाहुणे दचकायचे. घरचे दचकत नसत. खारू पाच वर्षांची झाली, आठची झाली, बाराची झाली. आवाज तेवढाच राहिला. एका सकाळी दूध पिता पिता ती म्हणाली, "ताई आता माझ्यापेक्षा लहान वाटते." आईने पोळी उलटायची थांबवली आणि ती करपली.

माझ्या पोटात काय चाललं होतं ते मलाही उशिरा कळलं. सतत भरलेली ठेवली की बॅटरी आजारी पडते. आत वायू धरतो. एका सुट्टीच्या सकाळी खारूने अलार्म बंद करायला माझ्यावर बोट ठेवलं आणि मी डुललो.

"आई, हा डुलतोय बघ. याला खालून फुगवटा आलाय."

बाबांनी मला न उचलता वाकून पाहिलं आणि दुरुस्तीवाल्या काकांना फोन केला. काका स्वतःच आले. त्यांनी मला टेबलावरून उचलून गॅलरीतल्या फरशीवर ठेवलं आणि चार्जर काढला.

"अपचन," ते म्हणाले. "इतकी वर्षं नुसता जेवतोय, काम काही नाही. वहिनी, याला आता परत चार्जर लावायचा नाही. पेटला तर घर जाईल. बॅटरी आजच्या आज काढायची."

"काढली की हा बंद पडणार," आई म्हणाली.

"पडणारच. मी नाही काढली तरी पडेल. हे बघा, आकडा उतरायला लागलाच. दुपार निघाली तर नशीब."

तिघंही माझ्याकडे पाहत राहिली. ताईचं सगळं उरलंसुरलं एका उतरत्या आकड्याच्या मागे होतं.

आता मित्रांनो, आईच्या कामाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. चष्मा करताना नंबर बरोबर असून भागत नाही. दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं, म्हणजे भिंगाचा मध्य नेमका बुबुळासमोर येतो. आई हे रोज करते. आदल्याच आठवड्यात खारूने फळा पुसट दिसतो म्हणून तक्रार केली, आणि आईने तिला दुकानात खुर्चीवर बसवून पट्टी लावली. अठ्ठावन्न मिलिमीटर. खारू सांगत होती की आईने पट्टी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. ताईचा आकडा तिला पाठ होता. तो हाच होता.

आई आत गेली आणि कपाटातून एक गोल फ्रेम घेऊन आली.

"खारू," ती म्हणाली, "इकडे ये. एकदा करून बघायचं का?"

खारू लगेच समजली. ती गॅलरीच्या दारातच उभी राहिली. "मी ताई व्हायचं?"

"फक्त याच्यापुरतं."

"आणि हा उघडला तर? मग हा मला ताई समजणार. आणि तुम्ही?"

"अगं, काहीतरीच," बाबा म्हणाले.

"काहीतरीच नाही, बाबा. मी उघडला की तुम्ही सगळे माझ्याकडे तसंच बघणार. आत्ता पण बघताय."

बाबा खाली पाहू लागले, कारण ते खरं होतं. आईने फ्रेम कठड्यावर ठेवली.

"नको असेल तर नको," ती म्हणाली. "खरं सांगते, खारू. काका बॅटरी काढतील, संपलं. तुझ्यावर कुणी रागावणार नाही. मी तर नाहीच."

खारूने माझ्याकडे पाहिलं. माझा आकडा आणखी खाली आला होता. तिने नाक ओढलं.

"भांग कुठून पाडायची ताई?" तिने विचारलं.

"डावीकडून."

आईने तिचे केस विंचरले. भांग सरळ आला नाही, म्हणून तो मोडून पुन्हा पाडला. खारूने ताईचा चष्मा लावला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

मी पाहिलं. चेहरा काळोखा दिसत होता, मागून ऊन येत होतं. मी नाही म्हणालो.

"उजेडाकडे तोंड कर," बाबांनी तिला फिरवलं.

मी पुन्हा पाहिलं. अंतरं जवळ आली होती, पण ओठ आवळलेले, भुवया ताणलेल्या, डोळे वटारलेले. ताई अशी कधी बसली नव्हती. आणि पापणी लवत नव्हती. पुन्हा एक फोटो. मी नाही म्हणालो.

"बाळ, पापणी!" काका ओरडले. "पापणी मिटून उघड! पुतळा होऊ नकोस!"

खारू आणखीच ताठ झाली. तेव्हा आई तिच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मिशी पूस."

खारूला हसू आलं. पूर्ण नाही, अर्धं. आवळलेले ओठ सुटले, खालचा ओठ किंचित पुढे आला, आणि तिने डोळे मिचकावले.

मी उघडलो.

मित्रांनो, ही चूक होती. माझ्या थोरल्या भावाने ती केली नसती. त्याने गालाची खोली मोजली असती आणि सांगितलं असतं, ही ती नव्हे. मी सपाट पाहतो. माझ्या हिशोबी इतक्या वर्षांनी ताई आली होती, वाढली नव्हती, दुपारच्या उन्हात समोर बसली होती आणि तिची पापणी लवली होती. माझ्यात तेव्हा नोंद झाली की मालकीण आली. ती पुसणारं कुणी नाही.

बाबांनी जुना संगणक आणून मला वायर जोडली. माझी वायर मंद आहे, हा माझा आणखी एक दोष. एकेक व्हिडिओ थेंबाथेंबाने पलीकडे जात होता आणि पलीकडे पोचलेला आई लगेच लावून पाहत होती. तिला ताईचा चेहरा पाहायचा होता.

पहिल्या व्हिडिओत खारू होती, सोफ्याच्या पाठीवर. दुसऱ्यात खारू शिट्टी वाजवायला शिकत होती आणि नुसती थुंकी उडत होती. तिसऱ्यात खारू. चौथ्यात बाबा घोरत होते आणि त्यांच्या पोटावर खारू. आई पुढे पुढे जात राहिली.

"ताई कुठाय?" बाबांनी विचारलं.

ताई जवळजवळ कुठेच नव्हती. ती मला धरायची, त्यामुळे ती दिसणार कशी? तिचा आवाज होता, कोपऱ्यात कधी तिचं बोट होतं, भिंतीवर एकदा तिची सावली होती. इस्पितळातला एक व्हिडिओ नुसता काळपट दाण्यांचा होता. त्यात आवाज आला, "काही दिसत नाहीये, खारू. पण तू हस. मला कळेल."

खारू संगणकासमोर बसून स्वतःला पाहत होती. "सगळीकडे मीच आहे," ती म्हणाली. तिला ते खरं वाटत नव्हतं.

मग आईने एक व्हिडिओ मध्येच थांबवला. त्यात आई स्वतः होती, दुकानात, कामात, वैतागून म्हणत होती, "बाजूला हो गं, ऊन अडतंय." आईने पडद्याजवळ डोळे नेले. व्हिडिओतल्या आईच्या चष्म्याच्या दोन भिंगांत दोन छोट्या आकृत्या होत्या. गोल चष्मा, डावीकडे भांग, हातात मी. आणि ती हसत होती. आई त्या दोन ठिपक्यांकडे पाहत बसली. कुणी तिला हाक मारली नाही.

शेवटचा व्हिडिओ पलीकडे गेला तेव्हा माझ्यात फार थोडं उरलं होतं. माझी स्क्रीन विझली आणि मी पुन्हा कुलूपबंद झालो. खारूने ताईचा चष्मा काढून घडी करून ठेवला होता आणि केस कपाळावरून मागे सारले होते. सगळं गेलं ना, ते पाहायला ती सहज माझ्यावर वाकली. मी तिला उजेडात नीट पाहिलं. पापणीही लवली.

'चेहरा ओळखता आला नाही,' मी लिहिलं.

खारूने ते मोठ्याने वाचलं. आईने तिला जवळ ओढलं. "बरं झालं," ती म्हणाली. "बाई, फार बरं झालं."

काकांनी तिथेच फरशीवर माझी पाठ उघडली. "पुसून नवी बॅटरी घातली तर अजून चालेल हा," ते म्हणाले. आईने नकारार्थी मान हलवली. मग मी विझलो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता काय झालं ते मला ठाऊक नाही. मला इतकंच दिसतं की खारू शाळेतून येताना दुकानात येते, आता तिच्या स्वतःच्या चष्म्यात, चौकोनी, लाल. ती काउंटरवरून वाकते, माझ्या काळ्या काचेत स्वतःला पाहते आणि कधीकधी वरचा ओठ बाहीला पुसते, उगाचच. तिची अंतरं आता बदलली आहेत. मी चालू असतो तरी तिला ओळखलं नसतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी यंत्रं असतील. त्यांना रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवू नका, ती आतून फुगतात. त्यांच्यातलं जे हवं असेल ते आणखी एका जागी ठेवा. आकडे घरातल्या एकाला तरी सांगा. आणि जो नेहमी व्हिडिओ काढतो, त्याच्या हातातून यंत्र कधीतरी काढून घ्या आणि ते त्याच्याकडे वळवा. तो नको म्हणेल. तरी वळवा.